मागील बाकी

कोकणातल्या एखाद्या वाडीच्या मंडळाची पावती हाती आली, तर खिशात कोंबण्याआधी एकदा नीट वाचून बघा. सर्वांत वर ग्रामदेवता प्रसन्न. त्याखाली मंडळाचं लांबलचक नाव आणि शेवटी कंसात ‘मुंबई’, कारण त्याच नावाचं दुसरं मंडळ गावात असतं आणि त्याच्या कंसात ‘ग्रामीण’ लिहिलेलं असतं. नोंदणी क्रमांक. पत्ता लालबाग-परळच्या नाहीतर डिलाईल रोडच्या एखाद्या चाळीतला, खोली नंबरासकट. पावती फाडणारा राहतो भांडुपला, वर्गणी देणारा मुलुंडला, आणि त्या चाळीच्या खोलीत गेली कित्येक वर्षं दोघांपैकी कुणी झोपलेलं नाही. खाली रकाने असतात: वार्षिक वर्गणी, पूजा, मंदिर जीर्णोद्धार, मयत निधी, इतर. आणि या सगळ्यांच्या आधी एक ओळ: मागील बाकी.

गरीब कुटुंबाला हात देणाऱ्या संस्थांचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा वरून खाली लिहिला जातो. कुणी दानशूर शेठ, कुणी समाजसुधारक, मग सरकार, मग योजना. अंधेरी ते दहिसर आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या हजारो कोकणी कुटुंबांना अडीअडचणीला जिने सावरलं, ती संस्था मात्र यातल्या कुणी काढलेली नाही. ती एका भाड्याच्या खोलीत तयार झाली, आणि माझ्या मते तिचा सगळा मागोवा या ‘मागील बाकी’च्या ओळीत आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला सूतगिरणी काढली आणि दोन वर्षांनी तिच्या चात्या फिरू लागल्या. पुढच्या अर्धशतकात गिरण्या वाढत गेल्या तशी माणसं लागली, आणि ती आली मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही होता. १९११च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरीचे होते. खोतीची जमीन, वरकस डोंगर, भात पिकतं ते चार-सहा महिन्यांपुरतं. बाकीचे महिने भरून काढायला घरातला एक गडी मुंबईला जायचा. तो मुंबईत राहायला जातो असं कुणी म्हणत नसे, तो चाकरीला जायचा. म्हणून तो चाकरमानी. बायको, पोरं, म्हातारी माणसं आणि गुरं गावातच राहत.

जायचं बोटीने. वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरं घेत बोट मुंबईला लागायची. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. म्हणजे जूनमध्ये गावी कुणी मेलं, तर पोराला कळायचं पत्राने आणि जाता यायचं नाही. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली, त्यानंतर गावाचं अर्थशास्त्र पोस्टमनच्या पिशवीत आलं. मुंबईत मात्र या माणसाला पाठ टेकायला जागा नव्हती. तिथे गावकीची खोली आली.

खोली म्हणजे दहा बाय बारा, फार तर दहा बाय पंधरा. काही ठिकाणी तिला गाळा म्हणत. भाडेपट्टी एकाच्या नावावर, भाडं सगळ्यांचं. एका वाडीचे वीस-पंचवीस पुरुष. भिंतीला प्रत्येकाची खुंटी, खुंटीखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर. दिवसपाळीवाला कामाला गेला की रातपाळीवाला त्याच्या जागेवर आडवा व्हायचा. उन्हाळ्यात गॅलरी, जिना, फूटपाथ असं कुठेही झोपता येई, पावसाळ्यात मात्र सगळे आत. जेवण शेजारच्या खाणावळीत, तेही बहुधा आपल्याच मुलखातली एखादी बाई चालवायची. गोव्याच्या ख्रिस्ती दर्यावर्दींनी धोबीतलावाच्या बाजूला असेच ‘कूड’ काढले होते. तिथेही भिंतीलगत ट्रंका, गावाच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. देव बदलला तरी व्यवस्था तीच, कारण अडचण तीच होती.

आता या खोलीचा महिन्याचा हिशोब डोळ्यांसमोर आणा. वीस जण, भाडं विसांत वाटलेलं. कुणाला तरी वही ठेवावी लागणार, म्हणून एक कारभारी. बदली कामगाराला रोज काम मिळायचं नाही. सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर आत, नाहीतर परत खोलीवर. अशा माणसाकडे महिनाअखेर भाड्याचे पैसे नसत. मग दोनच मार्ग: त्याला बाहेर काढायचं किंवा त्याचा वाटा इतरांनी भरायचा. बाहेर काढावं तर गावी त्याचं घर आपल्या घराला लागून, त्याची आई आपल्या आईबरोबर पाण्याला जाणार. तेव्हा वाटा इतरांनी भरला आणि कारभाऱ्याने त्याच्या नावापुढे लिहिलं: बाकी.

या संस्थेतली मदतीची पहिली नोंद ही अशी झाली असणार. तिला ‘दान’ म्हटलं नाही, ‘साहाय्य’ही म्हटलं नाही. बाकी ठेवली. ज्याच्या नावावर बाकी आहे तो खोलीचा सभासदच राहतो. तो लाचार होत नाही, फक्त देणेकरी होतो. काम लागलं की फेडेल, आणि त्याच्या शेजारच्या खुंटीवाल्यावर पाळी आली की त्याचीही बाकी तो सहन करेल. पठाण सावकाराच्या व्याजापेक्षा ही बाकी किती स्वस्त होती, हे वेगळं सांगायला नको.

भाड्यातून चार पैसे उरू लागले तसा फंड झाला. फंडातून आधी मयताचा खर्च, मग देवळाचं छप्पर, मग विहीर, मग शाळेची खोली. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतही गावकीच्या खोल्यांचा संसार बसला. ज्यांना गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांच्याही इथे खोल्या होत्या, अर्थात वेगळ्या. पुढे बौद्धजन पंचायत समितीच्या गावोगावच्या शाखा याच चाळींतून उभ्या राहिल्या. कुणब्यांनी १९२० साली मुंबईतच कुणबी समाजोन्नती संघ काढला. मुंबईने जात पुसली असं म्हणायची पद्धत आहे. गावकीच्या खोलीने ती पुसली नाही, वाडीनिहाय तशीच्या तशी आणून चौथ्या माळ्यावर ठेवली.

या खोल्यांचा एक उपयोग मात्र कुणी आधी ठरवलेला नव्हता. १९२६ साली परळला केईएम सुरू झालं, १९४१ साली टाटा मेमोरियल. दोन्ही इस्पितळं गिरणगावाच्या मधोमध. गावचा आजारी माणूस आता बरोबरच्या एकासह खोलीवर उतरू लागला. सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहायला खोलीतला रातपाळीवाला जायचा. तो नाहीतरी जागाच असायचा. गिरण्या गेल्यावरही कितीतरी खोल्या टिकल्या त्या याच कामासाठी. किमोथेरपीला आलेल्या माणसाला सलग दोन महिने मुंबईत राहायचं तर लॉज परवडत नाही आणि नातेवाइकांच्या वन रूम किचनमध्ये तोंड वर करून राहवत नाही. खोलीत राहता येतं, कारण ती कुणाच्याच बापाची नाही.

स्वातंत्र्यानंतर वहीला कायद्याचं पुठ्ठा-बाइंडिंग झालं. १८६०चा संस्था नोंदणी कायदा होताच, १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. खोलीचं मंडळ झालं, कारभाऱ्याचा सरचिटणीस झाला, घटना छापली गेली, वर्षाला हिशोब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यायची रीत पडली. सातवी शिकलेल्या, साचे चालवणाऱ्या माणसांनी ठराव, सूचक, अनुमोदक, गणपूर्ती ही भाषा अशी आत्मसात केली की आजही कुठल्याही मंडळाची विषयपत्रिका एका साच्यातून काढल्यासारखी असते. पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. शेवटचा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. खरी सभा या शेवटच्या विषयात होते, हे कुठल्याही सभासदाला विचारा.

तुलनेला एक परकं उदाहरण घ्या. अमेरिकेत १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा खेड्यापाड्यांत आणि शहरांत ‘कम्युनिटी अॅक्शन’ संस्था निघाल्या. केंद्राचा पैसा, पण कारभार स्थानिक, आणि संचालक मंडळात किमान एक तृतीयांश जागा गरिबांच्या प्रतिनिधींना, असा दंडक पुढे आला. तिथे त्यावर फार रणं झाली. गरिबांनी कारभारात बसायचं म्हणजे काय, नगराध्यक्षांना ते झेपेना. आपल्या मंडळांत हा प्रश्नच कधी आला नाही, कारण तिथे गरीब सोडून दुसरं कुणी नव्हतंच. तिकडच्या संस्थांना घर गरम ठेवायला, मुलांच्या शाळापूर्व शिक्षणाला सरकारी पैसा मिळतो. आपल्या मंडळाला मिळते ती धर्मादायची नोटीस.

माणसं उपनगरांत कशी गेली, ते थोडक्यात सांगतो. बृहन्मुंबईची हद्द १९५०मध्ये वाढली आणि १९५७ साली ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. आग्रा रोडच्या कडेने कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखाने उभे राहत होते. विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला सिएट. अंधेरी-मरोळला एमआयडीसी. गिरणीपेक्षा कंपनीत पगार बरा, आणि डोंगराच्या उतारावर झोपडं बांधायला जागा होती. भांडुपचं टेंभीपाडा, कोकणनगर, घाटकोपरचं असल्फा, विक्रोळीचं पार्कसाइट, जोगेश्वरीची मेघवाडी, बोरिवलीचं काजूपाडा, दहिसरचं केतकीपाडा. चाळीत एकटा राहणारा चाकरमानी आता बायकोपोरांना घेऊन आला. कौलाऐवजी पत्रा, पण चढण गावासारखीच. पाण्याचा हंडाही तसाच.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि तो संप कधी मागे घेतल्याचं जाहीरच झालं नाही. खोल्या ओस पडल्या. गडी गावी जाऊन भात लावू लागले, गावचं भात मुंबईच्या पोरांसाठी येऊ लागलं. पैसा आजवर मुंबईहून गावी जायचा, तो ओघ काही काळ उलटा फिरला. वर्गणीच्या वह्यांत संपाच्या वर्षांच्या पानांवर बाकीशिवाय दुसरा शब्द असण्याचं कारण नव्हतं. जे परत आले ते उपनगरांत आले, पण गिरणीत नाही. वॉचमन, रिक्षा, पार्सल कंपनी, लिफ्टमन, ऑफिसात शिपाई. पुढे आग्रा रोडवरचे बरेच कारखानेही गेले आणि त्यांच्या जागेवर मॉल आणि टॉवर आले. टॉवरच्या गेटवरच्या निळ्या शर्टातला माणूस कधीकधी त्याच जागेवरच्या कारखान्यात कायम कामगार होता.

मंडळाची सभा आता रविवारी दुपारी असते. मुलुंड, भांडुप, नाहीतर घाटकोपर. जागा बहुधा महापालिकेच्या शाळेचा वर्ग किंवा एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचं ऑफिस. साठीतली माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे आडवे करून बसतात. फळ्यावर कालचा सुविचार. खजिनदार प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढतो. वर्गणी ‘घरटी’ असते, माणशी नाही. समजा ऐंशी घरं आणि महिना शंभर रुपये, तर वर्षाचे शहाण्णव हजार. एवढ्यात काय होणार, असं बाहेरच्याला वाटेल. पण या शहाण्णव हजारांचं बळ आकड्यात नाही, वेळेत आहे. रात्री दोनला सायनच्या इस्पितळात कुणी गेलं, तर सकाळी सहापर्यंत अॅम्ब्युलन्सचे पैसे हातात, गाडीत बरोबर जायला दोन गडी आणि गावी लाकडं फोडून तयार. कुठला अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. उत्पन्न सगळ्यांना ठाऊकच असतं.

जास्त पैसा लागला, म्हणजे देऊळ, सभामंडप किंवा कुणाचं मोठं ऑपरेशन, तर मंडळ प्रयोग लावतं. मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. एक प्रयोग विकत घ्यायचा आणि तिकिटं प्रत्येक घराच्या गळ्यात मारायची. नाटक बहुधा नमन किंवा शक्ती-तुरा. गौळणीवर शिट्ट्या, मध्यंतरात देणगीदारांचे सत्कार, नारळ, शाल, आणि सत्कार इतके की दुसऱ्या अंकाला लोक शेवटची लोकल आठवू लागतात. मी असे सत्कार सोसले आहेत आणि त्याबद्दल कुरकुरही केली आहे. पण मान्य करायला हवं की शंभर रुपयांसाठी माणसाला स्टेजवर बोलावून त्याचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट, माइकवरून वाचलं जातं, असं दुसरं ठिकाण या शहरात त्याला नाही.

काही मंडळांनी पुढची पायरी गाठली. १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली पतपेढी काढली. तिथे दोन जामीनदार लागतात, बाकीला ‘थकबाकी’ म्हणतात, आणि वसुली अधिकारी असतो. भाषा दोन अक्षरांनी बदलली की नातं किती बदलतं, ते बघण्यासारखं आहे. काही पतपेढ्या उत्तम चालल्या, काही बुडाल्या. ते आणखी एका लेखाचं प्रकरण आहे.

बायकांचं काय? खोलीत त्या नव्हत्याच. उपनगरात आल्या, घरटी वर्गणी त्यांच्याच डब्यातून जाऊ लागली, पण पावतीवर नाव नवऱ्याचं. सभेला ‘घरातला कर्ता’ यायचा. १९७५ साली दादरला प्रेमा पुरव यांनी चौदा खाणावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. खोलीतल्या गड्यांना जेवू घालणाऱ्या बायकांनी बँकेचं कर्ज मिळवून स्वतःची संघटना उभी केली. खोलीच्या मंडळाला मात्र ते दशक दिसलं नाही. उपनगरातल्या बायकांनी वाट बघितली नाही, आधी भिशी केली, मग बचत गट. आता बचत गटाचा हिशोब मंडळाच्या हिशोबापेक्षा चोख असतो, आणि हे मंडळाचे खजिनदारही खासगीत कबूल करतात. हळदीकुंकवापुरती ‘महिला शाखा’ काढणारी मंडळं अजून पुष्कळ आहेत. विधवेला वर्गणी माफ करणारा नियमही पुष्कळ ठिकाणी आहे. दिसायला दयाळू, पण वर्गणी नाही म्हणून मतही नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला तर ती माफी फार महाग पडते.

या ‘बाकी’ला काळी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. ज्या वहीने माणूस सांभाळला, त्याच वहीने माणूस वाळीतही टाकला. वर्गणी थकली, मंडळाविरुद्ध कोर्टात गेला, मंदिराच्या हिशोबावर प्रश्न विचारला, पोरीने जातीबाहेर लग्न केलं, की गावकीने ठराव करायचा. त्याच्या घरी कुणी जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, बोलेल त्याला दंड. रायगड-रत्नागिरीतून अशा तक्रारी इतक्या आल्या की महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. असा स्वतंत्र कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, आणि तो ३ जुलै २०१७पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. बहिष्काराचे काही ठराव गावात झाले, पण त्यांना बळ मुंबईच्या सभेतून मिळालं, हे चाकरमान्यांनी स्वतःशी कबूल करायला हवं. एकमेकांना ओळखणं ही या संस्थेची सगळी पुंजी, आणि तिचं हत्यारही तेच.

२०२०च्या टाळेबंदीत ओळखीचीही परीक्षा झाली. उपनगरांतल्या खोल्यांत कोंडलेली कुटुंबं गावी निघाली, तेव्हा कितीतरी वाड्यांनी वेशीवर थांबवलं. चौदा दिवस शाळेत राहा, मग घरी या. मुंबई मंडळाच्या वर्गणीतून बांधलेल्या वर्गात मुंबई मंडळाचेच सभासद चटई टाकून पडले. रुसवेफुगवे झाले, फोनवर भांडणं झाली. पुढच्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, आणि उपनगरांतून पाण्याच्या बाटल्या, चादरी, फिनेल आणि खराटे भरलेले टेम्पो निघाले. त्यांत रुसलेलेही होते.

आता जुन्या खोल्यांची पाळी आहे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचं घर मिळतं. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. गावकीच्या खोलीची भाडेपट्टी मात्र बहुतेक ठिकाणी कुणा एकाच्याच नावावर राहिली होती, तो वारला, आणि त्याच्या वारसांना आज त्या खोलीची किंमत कळली आहे. वीस खुंट्यांची खोली एका कुटुंबाची की वाडीची? भाडं भरलेलं वहीत आहे, पण वही हा पुरावा धरायचा की नाही, यावर सभा होताहेत, भाऊबंद भाऊबंदाला नोटिसा पाठवताहेत. काही वारसांनी कागद करून खोली मंडळाला दिली, त्यांचं नाव पाटीवर लागेल. काहींनी दिली नाही.

खोली रिकामी करताना माळ्यावरून जे सामान खाली येतं, त्यात ट्रंक भंगारात जाते, तसबीर मुलुंडला येते आणि वह्या रद्दीत जातात. लाल कापडी बांधणीच्या, वाळवीने कडा खाल्लेल्या, कारभाऱ्याच्या बाळबोध अक्षरातल्या. कुणाला किती दिवस काम नव्हतं, कुणाचा वाटा कुणी भरला, कुणाच्या मयताला किती लाकूड लागलं, हे त्यांच्याशिवाय कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्या मंडळाची खोली सुटणार असेल, तर आधी माळ्यावर चढा. वही सापडली तर मोबाइलवर पानापानाचे फोटो काढा आणि मूळ वही मंडळाच्या कपाटात ठेवा. येत्या सभेच्या ऐनवेळच्या विषयात तेवढा एक ठराव मांडा, अनुमोदक मिळेल.